आधी शब्द, मग चाल

३१ मार्च १९४३ रोजी न्यूयॉर्कच्या सेंट जेम्स थिएटरात ‘ओक्लाहोमा!’चा पडदा वर गेला, तेव्हा रंगमंचावर एक वयस्कर बाई एकटीच लोणी घुसळत बसली होती. ब्रॉडवेवरच्या म्युझिकलची सुरुवात तोवर अशी होत नसे. पडदा उघडला की देखण्या मुलींचा ताफा नाचत यावा, उशिरा आलेल्यांना खुर्च्या सापडेपर्यंत त्यांनी वेळ निभावून न्यावी आणि मग सवडीने गोष्ट सुरू व्हावी, असा रिवाज होता. इथे विंगेतून एका काउबॉयचा आवाज आला आणि त्याने वाद्यांची साथ जवळजवळ नसतानाच सकाळचं वर्णन गायला सुरुवात केली. त्या वर्णनाचा उगम रंगसूचनेत आहे. लिन रिग्जच्या ‘ग्रीन ग्रो द लायलॅक्स’ या १९३१ सालच्या नाटकात पहिल्या प्रवेशाआधी उन्हाळ्यातल्या लखलखीत सकाळीविषयी चार ओळी आहेत. एवढं चांगलं लिखाण नुसतं वाचणाऱ्यांच्या वाट्याला यावं, हे ऑस्कर हॅमरस्टाइनला रुचलं नाही. त्या ओळींचं गाणं करायला त्याने तीन आठवडे घेतले. पहिल्या शब्दाआधी एक उद्गार ठेवावा की नको, यावरच त्याचे दिवस गेले. शेतातला मका किती उंच झालाय हे सांगायला आधी घोड्याच्या डोळ्याचं माप घेतलं होतं. शेजारच्या शेतात जाऊन पाहिलं तर मका त्याच्या कितीतरी वर गेलेला, म्हणून गाण्यात घोड्याच्या जागी हत्ती आला. हा कागद रिचर्ड रॉजर्सच्या हातात पडला आणि चाल काही मिनिटांत झाली, असं रॉजर्स पुढे सांगत असे.

तीन आठवडे आणि काही मिनिटं, हा हिशेब या जोडीविषयी लिहिणारे सगळेच गमतीने सांगतात आणि पुढे जातात. माझ्या मते तो नुसता गमतीचा नाही. रॉजर्स आणि हॅमरस्टाइन यांनी १९४३ ते १९५९ या काळात जे केलं, त्याला अभ्यासक ‘एकात्म म्युझिकल’ म्हणतात: गाणं, संवाद आणि नाच एकाच गोष्टीच्या सेवेला लागलेले. शब्द भारदस्त आहे, पण ही एकात्मता आली कुठून, हे तो सांगत नाही. माझं म्हणणं असं की ती कामाच्या एका साध्या क्रमबदलातून आली. त्याआधी चाल आधी होत असे आणि शब्द तिच्यावर बसवले जात. या दोघांनी शब्द आधी लिहून मग त्यांना चाल लावली. मराठीत या दोन क्रियांना दोन वेगळे वाक्प्रचार आहेत हे आपलं भाग्य, कारण आपल्याला फरक समजावून घ्यावा लागत नाही. आपल्या संगीत नाटकांची जुनी पुस्तकं उघडली की पदाच्या डोक्यावर ‘चाल’ म्हणून आधीच्या एखाद्या गाण्याचं नाव छापलेलं दिसतं. ‘मानापमान’च्या (१९११) चाली गोविंदराव टेंब्यांच्या, ‘स्वयंवर’च्या (१९१६) भास्करबुवा बखल्यांच्या, आणि त्यांत शब्द बसवणारे खाडिलकर. त्या पद्धतीने आपल्याला गायकी दिली, वन्समोअर दिले. आणि पद सुरू झालं की नाटक बाजूला उभं राहतं, ही तक्रारही दिली.

रॉजर्सचा आधीचा जोडीदार लॉरेन्स हार्ट. १९१९ मध्ये दोघांची गाठ पडली आणि हार्टच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे जवळजवळ पाव शतक, ते एकत्र होते. त्यांच्यात चाल बहुधा आधी होई. हार्टला कामाला बसवणं हेच एक काम होतं. तो गायब होई, प्यायचा, आणि सापडला की रॉजर्सने वाजवलेल्या चालीवर हाताशी येईल त्या कागदाच्या कपट्यावर झरझर लिहून टाकी. लिहिणं असं तल्लख की अमेरिकन गीतकारांत त्याच्या तोडीचे यमक जुळवणारे मोजकेच. पण या पद्धतीत चाल आणि शब्द यांचं नातं कसलं असतं, याचा सर्वांत बोलका पुरावा त्यांचं सर्वांत गाजलेलं गाणं, ‘ब्लू मून’. १९३३-३४ च्या सुमारास हॉलिवूडमध्ये असताना रॉजर्सने ही चाल केली. तिच्यावर हार्टने आधी सिनेमात नटी व्हायची स्वप्नं बघणाऱ्या मुलीची प्रार्थना लिहिली. ती वापरलीच गेली नाही. मग त्याच चालीवर दुसऱ्या चित्रपटाचं शीर्षकगीत लिहिलं, ते कापलं. तिसऱ्यांदा लिहिलेले शब्द, पुरुषांच्या वाईटपणाबद्दलचे, त्याच चित्रपटात एका नाइटक्लबमधल्या गायिकेच्या तोंडी गेले. चौथ्यांदा चंद्र आला आणि गाणं जगभर गेलं. चार वेळा शब्द बदलले आणि चालीला काही फरक पडला नाही. भाडेकरू बदलावेत तसे. चाल सुंदर आहे, यात वाद नाही. पण ती कुणाची नाही, आणि म्हणून ती कुणाचीही होऊ शकते.

या पद्धतीला साचाही होता: बत्तीस बार (तालाची मापं), आठ-आठचे चार तुकडे, त्यातला पहिला, दुसरा आणि चौथा जवळजवळ एकसारखे. हा साचा लक्षात राहायला, नाचायला, रेडिओवर वाजवायला उत्तम. मात्र बत्तीस बारांत माणूस जिथून निघाला तिथेच परत येतो. चौथा तुकडा पहिल्यासारखाच असल्यावर दुसरं काय होणार? हॅमरस्टाइनने १९४९ मध्ये आपल्या गीतांच्या संग्रहाला जोडलेल्या निबंधात या उलट्या क्रमाची कारणं दिली आहेत आणि ती पटण्यासारखी आहेत. एक तर व्हिएन्नाहून आयात केलेल्या संगीतिकांना इंग्रजी शब्द चिकटवायचे असत. दुसरं, न्यूयॉर्कमध्ये काम करणाऱ्या अनेक संगीतकारांचं इंग्रजी बेताचं होतं. त्यांच्या हातात कविता देऊन आघात नीट येतील अशी आशा करण्यात अर्थ नव्हता. तिसरं, नाचाच्या नव्या लाटेत पाय थिरकवणारी चाल हाच मुख्य माल होता. म्हणजे क्रम कलेने नव्हे, व्यवहाराने ठरवला होता. खुद्द हॅमरस्टाइननेही वीस वर्षं तसंच लिहिलं होतं, जेरोम कर्नच्या चालींवर, सिग्मंड रॉम्बर्गच्या चालींवर.

इथे पहिला आक्षेप समोर येतो आणि तो वजनदार आहे. कर्न-हॅमरस्टाइनचं ‘शो बोट’ २७ डिसेंबर १९२७ ला रंगमंचावर आलं. त्यात वर्णभेद आहे, मोडलेला संसार आहे, चाळीस वर्षांचा काळ आहे, आणि गाणी बरीचशी चालीवर लिहिलेली आहेत. मग १९४३ चं कौतुक कशाला? नदीवरचं ते प्रसिद्ध गाणं तर पसरट कादंबरीला बांधून ठेवणारा दोर आहे, खरी गोष्ट. पण त्याच ‘शो बोट’मध्ये ‘बिल’ नावाचं एक गाणं आहे, ते दुसऱ्या अंकात नायिकेच्या मैत्रिणीचं काळीज उघडं करतं. ते गाणं पी. जी. वुडहाउसने १९१८ च्या एका वेगळ्याच, हलक्याफुलक्या नाटकासाठी लिहिलेलं आणि तिथून वगळलेलं. नऊ वर्षं पडून राहिलेलं गाणं दुसऱ्या गोष्टीत चपखल बसतं, यात कर्नची नजर दिसते. पण एवढ्या मोठ्या नाटकातही गाणं अजून सुटा भाग होतं, हेही दिसतं. ‘शो बोट’ हा एका विलक्षण विषयाचा विजय होता. त्यातून रीत तयार झाली नाही. पुढची पंधरा वर्षं ब्रॉडवे आपल्या जुन्याच वाटेने चालत राहिला, आणि त्या काळाच्या उत्तरार्धात हॅमरस्टाइनची नाटकं एकापाठोपाठ एक पडत गेली. ‘ओक्लाहोमा!’च्या यशानंतर १९४४ च्या जानेवारीत त्याने ‘व्हरायटी’त पानभर जाहिरात दिली, ती आपल्या पडलेल्या नाटकांची यादी देणारी: हे मी आधी केलंय, पुन्हाही करू शकतो, अशा अर्थाची.

क्रमबदलाने नेमकं काय साधलं ते जवळून पाहायचं तर ‘कॅरोसेल’कडे जावं लागतं. १९ एप्रिल १९४५ ला आलेलं हे नाटक फेरेंत्स मोल्नारच्या ‘लिलिओम’वर बेतलेलं, बुडापेस्टची जत्रा उचलून अमेरिकेतल्या मेनच्या किनाऱ्यावर, १८७३ मध्ये नेलेली. चक्रीपाळण्यावर गिऱ्हाइकं बोलावणारा बिली आणि गिरणीत काम करणारी ज्युली रात्री एका बाकावर बसलेत. दोघांचीही नोकरी आत्ताच गेली आहे. बोलता बोलता ती दोन ओळी गाते, पुन्हा बोलणं, मग वाद्यवृंद खालून सूर धरून राहतो, मग तो गातो, मग झाडावरून फुलं पडतात आणि त्यावर पुन्हा बोलणं. मुख्य गाणं येतं ते ‘जर-तर’च्या भाषेत: मी तुझ्यावर प्रेम करत असते तर काय झालं असतं. प्रेम आहे हे दोघांपैकी कुणीच कबूल करत नाही. मोल्नारचा संवाद त्या प्रवेशाच्या अंगात इतका मुरलेला आहे की बोलणं कुठे संपलं आणि गाणं कुठे सुरू झालं ही रेघ ओढता येत नाही. असा प्रवेश चालीवर शब्द बसवून लिहिणं अशक्य आहे, कारण इथे चाल म्हणून एक वस्तूच नाही. इथे माणसं बोलायला घाबरतात तेव्हा सूर पुढे येतो आणि धीर आला की मागे सरतो. पुढे बिली मरतो, पंधरा वर्षांनी एका दिवसासाठी परत येतो आणि तेच गाणं, न दिसता, बायकोसाठी गातो. जिवंतपणी जे बोलायचं राहिलं, ते त्या ‘जर’मध्येच अडकलेलं असतं.

पहिल्या अंकाच्या शेवटी बिलीचं एकट्याचं गाणं आहे, ‘सॉलिलोक्वी’, सात-साडेसात मिनिटांचं. बाप होणार हे त्याला आत्ताच कळलंय. तो मुलाच्या बढाया मारू लागतो: असा असेल, तसा असेल, कुणाची टाप नाही. चाल धिप्पाड, छाती पुढे काढून चालणारी. आणि मध्येच त्याला सुचतं, मुलगी झाली तर? तिथे चाल तुटते. नवीन चाल येते, मऊ, थोडी ओशाळलेली. मुलाशी मजा करता येते, पण मुलीचा बाप व्हायला पैसा लागतो, हे त्याच्या लक्षात येतं आणि तिसऱ्याच सुरात तो ठरवतो की कसाही पैसा मिळवायचा. चोरी करावी लागली तरी. पुढचा दरोडा आणि मृत्यू इथून सुरू होतो. हे शब्द लिहायला हॅमरस्टाइनला दोन आठवडे लागले आणि चाल रॉजर्सने दोन तासांत केली, असं सांगतात. बत्तीस बारांच्या साच्यात हा माणूस मावला नसता. साच्यात गाणारा जिथे सुरुवात करतो तिथे परततो. बिली सात मिनिटांत दुसराच माणूस होऊन बाहेर पडतो. विचार वळला की चाल वळते, आणि विचार कुठे वळणार हे ज्याला माहीत आहे त्यानेच आधी लिहायला हवं.

याच्या विरुद्ध दोन पुरावे मीच पुढे करतो. ‘द किंग अँड आय’मधलं (१९५१) शिक्षिका आणि मुलांचं ओळख वाढवणारं लाडकं गाणं आहे, त्याची चाल ‘साउथ पॅसिफिक’साठी (१९४९) केलेली होती, तिथून काढली आणि बोस्टनच्या तालमी-प्रयोगांत इथे नव्या शब्दांसह बसवली. आणि ‘साउथ पॅसिफिक’मध्ये त्या काढलेल्या चालीच्या जागी जे प्रेमगीत आलं, तेही ‘अलेग्रो’मधून (१९४७) वगळलेल्या चालीवरचं. म्हणजे हार्टच्या काळातला भाडेकरूंचा प्रकार इथेही होता! होता; पण कुठे होता ते पाहावं. दोन्ही ठिकाणी ती डागडुजी आहे, गाणी मोकळ्या भावनेची आहेत, गोष्ट तिथे वळण घेत नाही. जिथे खांब उभा करायचा होता तिथे या दोघांनी जुना वासा वापरला नाही. ‘साउथ पॅसिफिक’मध्ये लेफ्टनंट केबल द्वेष हा शिकवावा लागतो असं सांगतो, ते गाणं काढावं म्हणून दबाव आला आणि दोघांनी ठाम नकार दिला, १९५३ मध्ये जॉर्जिया राज्यातल्या काही आमदारांनी त्यावरून गहजब केला. या गाण्याची चाल मुद्दाम छोटी, पाढे म्हटल्यासारखी आहे. शब्द आधी समोर नसते तर एवढ्या जळजळीत क्षणी कुठल्या संगीतकाराने इतकी क्षुल्लक चाल केली असती?

दुसरा आक्षेप जाझवाल्यांचा, आणि तो रसिकतेचा आहे. त्यांच्या मते रॉजर्सच्या उत्तम चाली हार्टच्या काळातल्याच. एला फिट्झजेराल्डने १९५६ मध्ये रॉजर्स-हार्टचं सॉन्गबुक रेकॉर्ड केलं. रॉजर्स-हॅमरस्टाइनचं कधी केलं नाही. हे मला मान्य आहे, आणि माझ्या म्हणण्याला ते पोषकही आहे. हार्टची गाणी घर सोडून कुठेही जाऊ शकतात, कारण ती कुठल्याच घरात नीट राहत नव्हती. उलट ‘कॅरोसेल’मधलं सांत्वनगीत लिव्हरपूलच्या फुटबॉल मैदानावर हजारो कंठांतून गायलं जातं, त्याचं काय? १९६३ मध्ये गेरी अँड द पेसमेकर्सने ते गायलं आणि तिथून ते मैदानात गेलं. नाटकात ते नवऱ्याच्या प्रेतापाशी बसलेल्या बाईला धीर देण्यासाठी आहे, शेवटी पदवीदान समारंभात सगळे मिळून गातात. मैदानावरही ते धीर देण्यासाठीच आहे. गाणं घराबाहेर पडलं खरं, पण प्रसंग सोबत घेऊन. जॉन कोल्ट्रेनने १९६० मध्ये याच जोडीच्या एका गाण्याचं जवळजवळ चौदा मिनिटांचं वादन केलं, तेव्हा मात्र त्याने शब्द बाहेरच ठेवले होते.

तिसरा आक्षेप सर्वांत खोल जातो: महत्त्व क्रमाला नाही, तर प्रवेश आणि गीतं एकाच हाताने लिहिण्याला आहे. हॅमरस्टाइन गीतकार होता तसाच संहिताकारही. अगदी बरोबर; पण ‘शो बोट’मध्येही तोच हात होता, तिथे हे घडलं नाही. १९४३ च्याच डिसेंबरात त्याने ‘कारमेन जोन्स’ आणलं, बिझेच्या तयार संगीतावर संपूर्ण शब्द बसवून. कसब तेच, हात तोच. आणि तरी ते चांगलं भाषांतर वाटतं, नवं नाटक वाटत नाही. म्हणजे एक हात पुरेसा नाही. त्या हाताने ठरवलेली दिशा संगीतकारापर्यंत पोहोचायला शब्द आधी टेबलावर यायला हवेत. पुढे स्वतः गीतकार-संगीतकार झालेला स्टीफन सॉन्डहाइम किशोरवयापासून हॅमरस्टाइनच्या शेजारी वाढला, ‘अलेग्रो’च्या वेळी सतरा वर्षांचा पोरगा म्हणून कामाला होता, आणि मोठेपणी गुरूच्या पुनरुक्तीवर आणि निसर्गाच्या प्रतिमांवर त्याने निष्ठुरपणे लिहिलं. त्याचं आणखी एक बोलणं प्रसिद्ध आहे: हॅमरस्टाइनची प्रतिभा मर्यादित आणि आत्मा अमर्याद, रॉजर्सचं उलट. वाक्य चमकदार आहे, पण मला ते अर्धवट वाटतं. ज्याची प्रतिभा मर्यादित, त्यानेच दुसऱ्याच्या अमर्याद प्रतिभेला वळण लावलं, याची नोंद त्यात नाही.

या क्रमाची किंमतही होती आणि ती बहुतेक हॅमरस्टाइनने मोजली. पेन्सिल्व्हेनियातल्या डॉइल्सटाउनच्या शेतावर तो उभ्याने लिहीत असे, मनातल्या मनात स्वतःची एक भिकार चाल धरून. ‘द किंग अँड आय’मधलं विधवा शिक्षिकेचं गाणं त्याने कित्येक आठवडे घासलं, रॉजर्सकडे पाठवलं आणि वाट पाहत बसला. काही दिवसांनी रॉजर्सचा फोन आला तो दुसऱ्याच कामासाठी. जाता जाता एवढंच म्हणाला की ते छान जमतंय. हॅमरस्टाइनने आपलं सगळं साचलेलं ‘साउथ पॅसिफिक’चा दिग्दर्शक जोशुआ लोगनजवळ मोकळं केलं, आणि ते लोगनने नोंदवून ठेवलंय. तोच लोगन सांगतो की ‘बाली हाय’चे शब्द त्याच्या घरी जेवणाच्या टेबलावर रॉजर्सच्या हाती दिले आणि जेवण होईतो चाल तयार होती. या वेगाबद्दल रॉजर्सला नाव ठेवायचं कारण नाही. शब्दांत सगळं आखलेलं असेल तर चालीला वेळ कशाला लागेल! पण जोडीदार म्हणून तो कोरडा होता हे खरं.

शेवटच्या नाटकात मात्र हा क्रमच ढिला झाला. ‘द साउंड ऑफ म्युझिक’ (१६ नोव्हेंबर १९५९) हे या जोडीचं पहिलं नाटक, ज्याच्या संहितेत हॅमरस्टाइनचा हात नव्हता; ती हॉवर्ड लिंडसे आणि रसेल क्राउझ यांनी लिहिली. परिणाम पाहायचा तर १९६५ चा चित्रपट पाहावा. रंगमंचावर मठात नायिका मारिया आणि मठाधिपती मिळून गातात ते आवडत्या गोष्टींचं गाणं चित्रपटात वादळी रात्री मुलांच्या खोलीत गेलं, आणि वादळातलं गाणं कळसूत्री बाहुल्यांच्या खेळात. कुणाला खटकलं नाही. बिलीची ‘सॉलिलोक्वी’ अशी हलवून दाखवावी. मारिया गोड आहे, मुलं गोड आहेत, पण इथे गाणी पुन्हा थोडी सुटी झाली आहेत.

एक गाणं याला अपवाद आहे. बोस्टनच्या प्रयोगांत मुलांच्या बापाला, कॅप्टनला, देशाचा निरोप घेण्यासाठी काहीतरी हवं, असं ठरलं. कॅप्टनचं काम करणारा थिओडोर बिकेल स्वतः गिटारवर लोकगीतं गाणारा होता. पोटाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया होऊन आलेल्या हॅमरस्टाइनने एका पांढऱ्या रानफुलावर काही ओळी लिहिल्या, इतक्या साध्या की एखाद्या शेतकऱ्याने म्हणाव्यात, आणि रॉजर्सने तीन मात्रांची तितकीच साधी चाल दिली. हॅमरस्टाइनने लिहिलेलं हे शेवटचं गीत. २३ ऑगस्ट १९६० ला तो गेला. ‘एडलवाइस’ ऐकून एका चाहत्याने बिकेलला सांगितलं की गाणं फार आवडलं, अर्थात आपल्याला ते आधीपासून ठाऊक होतं, फक्त जर्मनमध्ये.